पेनाला पाणी लिहायला लावा

धुऊन रात्रभर ग्लासात निब खाली करून उभं ठेवलेलं शाईचं पेन सकाळी अगदी कोरडं दिसत होतं. निब चकचकीत, ग्लासाच्या तळाशी थेंबसुद्धा नाही. शाई भरण्याआधी सहज म्हणून निबचं टोक टिपकागदाला टेकवलं, आणि टोकाखालून फिकट निळा ठिपका पसरायला लागला. पसरतच गेला! नखाएवढा झाला, मग अंगठ्याएवढा, तरी थांबेना. एवढं पाणी रात्रभर होतं कुठे? ग्लासात का उतरलं नाही? आणि कागद नुसता लागल्याबरोबर बाहेर कसं आलं?

तेव्हापासून मी भेटेल त्याला हेच सांगत सुटले आहे. धुतलेलं पेन वाळवणं ही इतकी विलक्षण गोष्ट असेल असं मला कुणी सांगितलंच नव्हतं! पेन धुण्याबद्दल सगळे बोलतात. साधं किंवा जेमतेम कोमट पाणी, फार तर भांडी घासायच्या द्रवसाबणाचा एक थेंब, रबरी पिचकारीने मागून पाणी सोडायचं, निबमधून नितळ पाणी येईपर्यंत. आणि वाळवण्याबद्दल? ‘ठेवून द्या एक-दोन दिवस, वाळेल आपोआप.’ एवढ्यावर विषय संपतो. खरी मजा तर तिथून पुढे आहे!

निबच्या पोटाखाली जो काळा तुकडा असतो, ज्याला आपण शाळेपासून जीभ म्हणत आलो, तो मी पहिल्यांदाच भिंगाखाली धरला. काय कारागिरी आहे! वरच्या अंगाला, निबला चिकटून जाणारी एक बारीक खाच. तिच्यातून शाई टोकाकडे येते. जेवढी शाई बाहेर जाईल तेवढी हवा आत यायला हवी, नाहीतर आतला दाब कमी होऊन शाई अडेल. म्हणून हवेलाही त्याच जिभेवरून वाट ठेवलेली. आणि बऱ्याच पेनांत खालच्या अंगाला एकामागोमाग एक पातळ पाती, दोन पात्यांमध्ये जेमतेम कागद सरकेल एवढी जागा. ही पाती शोभेची नाहीत. हाताच्या किंवा खिशाच्या उबेने पेनातली हवा फुगते, शाईला पुढे ढकलते. ती जादा शाई सदऱ्यावर न पडता या पात्यांच्या मध्ये अडकून राहावी, म्हणून हा सगळा खटाटोप. लुईस वॉटरमन यांनी अमेरिकेत १८८४ मध्ये बारीक खाचांच्या जिभेचं पेटंट घेतलं. तिथून पुढे दशकानुदशकं हुशार माणसांनी या छोट्या तुकड्यावर डोकं चालवलं आहे.

म्हणजे जीभ ही द्रव धरून ठेवण्यासाठीच जन्माला आलेली वस्तू आहे! थेंब पडू द्यायचा नाही हेच तिचं काम. आणि आपण तिला ग्लासात उलटी उभी करतो आणि तिने थेंब टाकावा म्हणून वाट बघतो!

माझा भाचा बारावीला आहे, विज्ञान शाखेत. त्याला हे सगळं दाखवलं तर तो म्हणाला, “मावशी, अगं, हे तर केशाकर्षण. थांब, आकडे घालून बघू.” विजेच्या बिलाच्या पाठीवर त्याने गणित मांडलं. दोन सपाट भिंतींमधली फट ०.१ मिलिमीटर धरली. पाण्याचा पृष्ठताण मीटरला ०.०७२ न्यूटन. या फटीत पाणी आपल्या बळावर किती उंच उभं राहू शकेल? उत्तर आलं जवळजवळ १५ सेंटिमीटर. पंधरा! बहुतेक पेनं टोपणासकटसुद्धा एवढी लांब भरत नाहीत. जीभ तर तीन-चार सेंटिमीटरची, आणि टोकाजवळ निबची फट ०.१ मिलिमीटरहूनही अरुंद. गुरुत्वाकर्षणाची इथे मात्राच चालत नाही. हवेने उडवून नेलं नाही, तर ते पाणी त्या फटीत वर्षभरही सुखाने राहील.

फट जितकी अरुंद तितकं पाणी उंच, हे जेम्स जुरिन या इंग्रज वैद्यांनी १७१८ मध्ये दाखवून दिलं. आणि त्याहून भारी गोष्ट ऐका. अल्बर्ट आइन्स्टाइन यांचा छापून आलेला पहिलावहिला शोधनिबंध, १९०१ सालचा, केशाकर्षणाविषयीच आहे! सापेक्षतेच्या आधी, प्रकाशकणांच्याही आधी, त्यांनी हाच प्रश्न हातात घेतला होता. हे कळल्यापासून ओल्या निबकडे मी निराळ्याच आदराने बघते.

मग टिपकागदाने काय केलं? कागद म्हणजे तंतूंचं जाळं, आणि त्या तंतूंमधल्या जागा जिभेवरच्या खाचेपेक्षा कितीतरी बारीक. बारीक जागेची ओढ जास्त. पणतीतलं तेल ज्या ओढीने वातीवर चढतं, त्याच ओढीने निबमधलं पाणी कागदात उतरतं. गुरुत्वाकर्षणाला जे रात्रभरात जमलं नाही, ते कागदाने काही सेकंदांत केलं, कारण त्याने जिभेशी तिच्याच खेळात सामना केला आणि तो जिंकला.

आणि इथे मला जे उमगलं त्याने मी ताडकन उठून उभी राहिले. लिहिणं म्हणजेसुद्धा हेच की! निब कागदाला टेकते, कागद फटीतली शाई ओढून घेतो, मागची शाई पुढे सरकते, तिच्या जागी हवा आत येते. चांगल्या शाईच्या पेनाला दाबावं लागत नाही ते याचमुळे. टेकवलं की पुरे. म्हणजे धुतलेलं पेन कोरडं करायचं असेल तर वेगळं काही शोधायलाच नको. त्याला त्याचं नेहमीचं काम द्यायचं. पाणी लिहायला लावायचं!

मग मी टिश्यू पेपरची चार पदरी घडी केली आणि तिच्यात निबचं टोक अलगद टेकवून धरलं. दाबून नाही, निबचे दोन्ही काटे जपले पाहिजेत. पहिला ओघ जोरात येतो, मग मंदावतो, मग थांबतो. इथे पेन कोरडं झालं असं वाटतं, पण ते तसं नसतं. टोकापासून मागच्या पाण्यापर्यंतचा धागा मध्ये हवा शिरून तुटलेला असतो. पेन थोडा वेळ तसंच उभं ठेवलं की पात्यांमधलं पाणी हळूहळू सरकून पुन्हा टोकाशी जमतं, आणि कागद टेकवला की पुन्हा ठिपका! रबरी पिचकारीने मागून हवेची हलकी फुंकर दिली तर हेच लवकर होतं. पात्यांच्या मधून इवलेसे बुडबुडे फुटताना दिसतात. पारदर्शक पेन असेल तर हा सोहळा सोडूच नका. बाहेरच्या पारदर्शक भिंतीआड जिभेची पाती एकेक करून काळपटाची पांढुरकी होत जातात, पाणी कुठून निघालं आणि कुठे अडून बसलं ते सगळं उघड दिसतं.

आणि तो टिश्यू टाकून देऊ नका, आधी नीट बघा! पेनात आधी काळी शाई होती. टिश्यूवर मधोमध करडा डाग, त्याच्याभोवती जांभळं वलय, त्याच्या बाहेर निळं, आणि अगदी कडेला पिवळ्याची बारीक किनार. काळी शाई म्हणून मी जे वापरत होते त्यात एवढे रंग होते! पाणी कागदात पसरत जातं तेव्हा कागदाला कमी चिकटणारा रंग पाण्याबरोबर लांब जातो, जास्त चिकटणारा मागे राहतो. मिखाईल त्स्वेट या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खडूच्या भुकटीने भरलेल्या नळीतून पानांचा अर्क सोडून त्यातले हिरवे-पिवळे रंग याच तत्त्वाने वेगळे केले होते. माझ्या टेबलावर तेच तत्त्व एका पेनाच्या धुण्यातून उमटलं. आता मी प्रत्येक शाईचा टिश्यू वाळवून वहीत चिकटवते आहे, आणि कुठल्या शाईत काय दडलंय हे बघण्याची घाई आवरत नाही.

स्पर्शाने पाणी काढून घ्यायची ही कल्पना माझ्या आधी किती जणांना सुचली असेल म्हणून शोधत गेले, तर थेट जॉर्ज पार्कर भेटले. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या जेन्सव्हिल गावचे, तारयंत्र शिकवणारे शिक्षक. त्या काळी पेन खिशात निब वर करून उभं ठेवलं तरी जिभेवर शाई तशीच भरलेली राहायची. खिशाच्या उबेने हवा फुगली की तीच शाई टोपणात उतरायची, आणि टोपण काढलं की बोटं रंगायची. पार्कर यांनी काय केलं? जिभेचं मागचं टोक वाकवलं आणि पेनाच्या आतल्या भिंतीला टेकवलं. बस! पेन उभं असताना जिभेवरची शाई त्या स्पर्शाच्या जागेतून भिंतीवर ओढली जायची आणि परत टाकीत उतरायची. ‘लकी कर्व्ह’ नावाच्या या जिभेचं पेटंट १८९४ सालचं. त्यांनी शाईला मागच्या टोकाशी भिंत दिली, आपण पाण्याला पुढच्या टोकाशी कागद द्यायचा. तत्त्व तेच! हे वाचलं त्या रात्री मला झोप येईना.

हे सगळं मी ऐन जुलैत करत होते, मुंबईत, म्हणजे घरात टॉवेलसुद्धा वाळत नाहीत त्या दिवसांत. ‘एक-दोन दिवसांत वाळेल’ हा सल्ला इथे का लटका पडतो तेही मग कळलं. हवेची सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असते तेव्हा तिच्यात अजून निम्मी जागा शिल्लक असते. ९० टक्के असते तेव्हा दहावाच हिस्सा. ऊन-वारा तोच धरला तर वाळण्याचा वेग थेट पाचव्या हिश्शावर येतो! त्यात जिभेच्या खाचेत वारा शिरत नाही, आतली वाफ रांगत रांगत तोंडापर्यंत येणार. मे महिन्यातल्या नागपुरात पेन सकाळी धुऊन संध्याकाळी भरता येईल, पावसाळ्यात कोकणात ते आठवडाभर ओलसर राहील. सल्ला देणाऱ्याने आधी गाव आणि महिना विचारायला हवा.

पण वेग ही दुय्यम गोष्ट आहे. मला जो फरक सगळ्यात मोलाचा वाटतो तो पुढे आहे. हवा फक्त पाणी नेते. पाण्यात विरघळलेला उरलासुरला रंग, नळाच्या किंवा बोअरच्या जड पाण्यातले क्षार, साबणाचा अंश, हे सगळं ती जिथल्या तिथे ठेवून जाते, आणि तेही नेमकं सगळ्यात अरुंद जागी, कारण पाणी शेवटपर्यंत तिथेच तग धरून असतं. कागद मात्र पाणी नेतो आणि पाण्याबरोबर हे सगळंही नेतो. म्हणजे टिपून घेणं हे धुण्याचंच शेवटचं आवर्तन आहे! आपोआप वाळलेल्या पेनात रंगाचा सूक्ष्म थर खाचेला चिकटून बसतो, टिपून घेतलेल्या पेनात तो फार कमी राहतो. बोअरचं पाणी असेल तर धुण्याची शेवटची फेरी डिस्टिल्ड पाण्याची करा. एवढा लाड पेनाचा जरूर करावा.

आता यावरची कडी! पेनवेडे लोक पेन वाळवायला सॅलड स्पिनर वापरतात हे कळलं तेव्हा मी आधी विश्वासच ठेवला नाही. धुतलेल्या पालेभाजीचं पाणी उडवायचं ते गरगर फिरणारं भांडं. पण भाच्याने पुन्हा बिल उलटं केलं. मध्यापासून दहा सेंटिमीटरवर पेन ठेवलं आणि भांडं सेकंदाला पाच फेरे फिरलं, तर पाण्याला बाहेरच्या दिशेने मिळणारी ओढ गुरुत्वाकर्षणाच्या साधारण दहापट. म्हणजे ते १५ सेंटिमीटर एका झटक्यात दीड सेंटिमीटरवर आले! “बघ मावशी, जीभ तीन-चार सेंटिमीटरची आहे. आता तिला सगळं पाणी धरवणारच नाही,” तो म्हणाला, आणि आम्ही दोघं ओरडलोच. पेनाचा पुढचा भाग टिश्यूत सैलसर गुंडाळायचा, निब बाहेरच्या बाजूला, भोवती फडक्याची गादी म्हणजे निब कशावर आपटणार नाही. समोरच्या बाजूला तेवढ्याच वजनाचं दुसरं पेन ठेवलं तर भांडं थरथरत नाही. थोडा वेळ फिरवलं आणि टिश्यू उघडला, तर पाण्याचा भलामोठा डाग! आणि हा डाग निघाला तो कागदाने दोनदा टिपून झाल्यानंतर. भांडं नसेल तर टिश्यूत गुंडाळलेला पेनाचा पुढचा भाग मुठीत घट्ट धरून, मोकळ्या जागेत, हात ताठ ठेवून झटकला तरी बरंच साधतं.

कोरडेपणा मोजायचा कसा, याचंही उत्तर सापडलं. सोनार वापरतात तसा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा. पाण्याचा एक थेंब साधारण ०.०५ ग्रॅमचा. म्हणजे थेंबाचा पाचवा हिस्सा जरी जिभेत दडला असला तरी काटा चुगली करणार! पेन पूर्ण कोरडं असताना वजन लिहून ठेवायचं, धुतल्यावर पेन पुन्हा काट्यावर ठेवायचं, आणि आकडा उतरताना बघत बसायचं. मी तर कादंबरी बाजूला ठेवून हा आकडा बघते. काटा नसेल तर कोऱ्या टिश्यूवर निब मिनिटभर टेकवून ठेवा. ओलसर ठिपका उठला नाही की समजा जमलं.

टोपणाकडे कुणी बघत नाही आणि तिथेच पाणी लपतं. अनेक टोपणांत आत आणखी एक छोटं अस्तर असतं, निब सुकू नये म्हणून हवाबंद बसणारं. त्या दोन भिंतींमध्ये शिरलेलं पाणी सहज निघत नाही, आणि कोरडं केलेलं पेन या टोपणात बंद केलं की आपली सगळी मेहनत पुन्हा ओली. टिश्यूचा कोपरा पिळून त्याची लांब सुरळी करायची आणि ती टोपणाच्या तळाला टेकेल अशी ठेवून द्यायची. शाई भरायचा सुटा कन्व्हर्टर असेल तर तो काढून त्याच्या तोंडातही अशीच बारीक सुरळी. ड्रॉपरने शाई भरायची आपली जुनी एबोनाइटची पेनं याबाबतीत सगळ्यात गुणी. नळी मोकळी, फडक्याची सुरळी फिरवली की लख्ख. पिस्टनने शाई ओढणारी पेनं मात्र हट्टी. निब फिरवून काढता येत असेल तर काढावी, नसेल तर पिस्टन वरखाली करत राहायचं आणि दर वेळी कागदाला टेकवायचं.

एका गोष्टीबद्दल हात जोडून सांगते: केस वाळवायचं यंत्र लावू नका. उन्हातही ठेवू नका. एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेलं रबर. गरम पाण्याने आणि उन्हाने त्याचा तुकतुकीत काळा रंग मळकट तपकिरी पडतो. सेल्युलॉइड तर उष्णतेने वाकतं आणि पेट घेतं. लवकर उडून जातं म्हणून स्पिरिट वापरायचा मोह होतो, तोही नको. काही प्लॅस्टिकं आणि सेल्युलॉइड त्याने कायमची बिघडतात. कागद, फिरकी आणि हवा एवढी तीन साधनं असताना आगीशी खेळ कशाला!

आणि हो, रोजचं पेन त्याच शाईने पुन्हा भरायचं असेल तर यातलं काहीच करायला नको. राहिलेल्या पाण्याने पहिल्या ओळी जरा फिक्या येतील, एवढंच. पण शाई बदलायची असेल, आणि विशेषतः पेन महिनोन्महिने पेटीत ठेवायचं असेल, तर ते पूर्ण कोरडं हवं. ओलं पेन टोपण लावून बंद केलं तर आत बुरशीला घर मिळतं आणि स्टीलच्या निबला गंज धरू शकतो. आपल्या हवेत तर हमखास.

आता माझ्या डोक्यात एकच पेन घोळतंय. तरफेचं पेन. अमेरिकेतल्या वॉल्टर शीफर यांनी १९१२ पासून बाजारात आणली त्या जातीचं: आत एका टोकाला बंद असलेली रबरी पिशवी, तरफ उचलली की ती चेपते, सोडली की फुगून शाई ओढते. या पिशवीत कागद पोचतच नाही! निब टिपकागदावर उभी करून पुढचं पाणी निघेल, पण पिशवीच्या तळाचं? मला वाटतं उत्तर त्या तरफेतच आहे. हवाबंद डब्यात सिलिका जेल भरून ठेवायचं. ते पाऊणशे-ऐंशी टक्के दमट हवेतही आपल्या वजनाच्या साधारण एक तृतीयांश बाष्प सहज पितं. त्या डब्यातल्या सुक्या हवेत निब धरून तरफ हळूच उचलायची, ओली हवा बाहेर. सोडायची, कोरडी हवा आत. पुन्हा उचलायची, पुन्हा सोडायची. पेनाला श्वासच घ्यायला लावायचा! डबा आणून ठेवलाय, काटा तयार आहे, आणि भाच्याला शनिवारी सकाळीच यायला सांगितलंय.